दोन भाषांतली जाहिरात आणि तिच्यावरचे लेबल

शोधयंत्रावर कुणी ‘पैठणी किंमत’ असे टाइप केले, की निकालांसोबत जाहिरातीही येतात. कोणती जाहिरात दाखवायची हे यंत्र क्षणात ठरवते. पण शोधाशी जुळणारी जाहिरात कशी असते, हे ओळखायला ते माणसांनी तपासलेल्या हजारो उदाहरणांवरून शिकलेले असते. उदाहरणांवर असे शेरे मारण्याच्या कामाला लेबलिंग किंवा ॲनोटेशन म्हणतात. मजकुरात दोन भाषा असतील, तर हे काम दोन्ही भाषा रोजच्या वापरात असलेल्या माणसाकडेच द्यावे लागते.

लेबलरच्या पडद्यावर एका वेळी एक टास्क येते : शोधलेले शब्द, जाहिरातीचा मजकूर आणि क्लिक केल्यावर उघडणारे पान, म्हणजे लँडिंग पेज. समजा, जाहिरात म्हणते ‘पैठणी साडी ७९९ रुपयांपासून’, आणि पानावर पॉलिएस्टरवर पैठणीचे काठ-पदर छापलेल्या साड्या आहेत. शब्द तंतोतंत जुळल्याने यंत्राला जाहिरात चपखल वाटते. हातमागावरची रेशमी पैठणी या भावात मिळत नाही हे ठाऊक असलेला लेबलर मात्र तिला ‘दिशाभूल करणारी’ म्हणतो. यंत्राला हवे असते ते नेमके हेच ज्ञान. गूगल ॲड्सच्या क्वालिटी स्कोअरमध्येही क्लिक मिळण्याची शक्यता, जाहिरातीचा शोधाशी संबंध आणि लँडिंग पेजचा अनुभव, अशा तीन बाजू पाहिल्या जातात.

दोन्ही भाषा एकाच माणसाने वाचण्याची खरी गरज औषधांच्या जाहिरातींत दिसते. एखाद्या चूर्णाच्या जाहिरातीत इंग्रजी ओळ जपून लिहिलेली असते : साखर नियंत्रणात ठेवायला मदत होते. खालची मराठी ओळ बेधडक सांगते, ‘मधुमेह मुळापासून बरा, गोळ्या कायमच्या बंद.’ मधुमेह बरा करण्याचा दावा जाहिरातीत करायला १९५४च्या औषधे व जादूटोणादी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मनाई आहे. फक्त इंग्रजी वाचणारा तपासनीस अशी जाहिरात पास करील आणि रुग्ण मराठी ओळ वाचून गोळ्या सोडील. म्हणून अशा टास्कमध्ये दोन्ही ओळींना स्वतंत्र लेबल लावून, त्या एकच गोष्ट सांगतात का, हा तिसरा प्रश्न विचारणे आवश्यक ठरते.

रोमन लिपीत लिहिलेली मराठी ही आणखी एक अडचण. तिला ठरलेले स्पेलिंग नाही. ‘आहे’ हा साधा शब्दही दोन-तीन तऱ्हांनी लिहिला जातो. त्यात इंग्रजी शब्दही मिसळतात. ‘सेल कधी एंड होतोय’ हे वाक्य मराठी धरायचे, इंग्रजी की मिश्र, हे गाइडलाइनमध्ये आधीच लिहिलेले हवे. नाहीतर प्रत्येक जण आपापल्या मनाने ठरवतो. मराठी मजकुरावर असे लेबलिंग झालेलेही आहे. पुण्याच्या एल३क्यूब या संशोधक गटाने २०२१मध्ये ‘महासेंट’ हा सुमारे १६ हजार मराठी ट्विट्सचा संच सकारात्मक, नकारात्मक आणि तटस्थ अशी लेबले लावून खुला केला. पुढच्या वर्षी आलेल्या ‘महाहेट’मध्ये २५ हजारांहून अधिक ट्विट्स असून द्वेषपूर्ण, आक्षेपार्ह, शिवराळ आणि यांपैकी काहीच नसलेले असे चार वर्ग आहेत. आपली जाहिरात शिवीगाळीशेजारी झळकू नये असे प्रत्येक जाहिरातदाराला वाटते, त्यामुळे जाहिरातींच्या धंद्यालाही असे संच उपयोगी पडतात.

दोन लेबलरांचे मत किती जुळते, हे मोजायला जेकब कोहेन यांनी १९६०मध्ये मांडलेला ‘कप्पा’ हा गुणांक वापरतात. समजा, दोघांनी त्याच १०० जाहिराती तपासल्या, प्रत्येकाने १० आक्षेपार्ह ठरवल्या आणि त्यांतल्या ५च सामाईक निघाल्या. उरलेल्या ९०पैकी ८५ दोघांनाही चालल्या, म्हणजे एकमत ९० टक्के. ऐकायला उत्तम! पण दोघांनी याच प्रमाणात डोळे मिटून शेरे मारले असते तरी ८२ टक्के जुळलेच असते. नशिबापलीकडे १८ टक्के मिळवायचे होते, मिळाले ८. म्हणून कप्पा ०.४४, म्हणजे मध्यमच. मतभेदाच्या १० जाहिराती तिसऱ्या, अनुभवी लेबलरकडे जातात. त्या निव्वळ बहुमताने निकालात काढणे चुकीचे आहे, कारण गाइडलाइन कुठे तोकडी पडते हे त्याच दाखवतात.

या कामाचा मोबदला बहुधा टास्कमागे मिळतो. एका ओळीची जाहिरात आणि लांबलचक लँडिंग पेज यांना एकच दर असेल, तर लेबलर पान शेवटपर्यंत वाचत नाही, आणि फसवी अट नेमकी तळाशी असते. घाई पकडण्यासाठी उत्तर आधीच माहीत असलेल्या ‘गोल्ड’ टास्क मध्ये मध्ये पेरतात. त्यांनी निष्काळजीपणा सापडतो, पण वाचायला लागणाऱ्या वेळेचे पैसे मिळत नाहीत. लांब पानांचा आणि दोन भाषांतल्या मजकुराचा दर वेगळा आणि जास्त ठेवणे हाच त्यावरचा सरळ उपाय आहे.