पाण्याची भीती आणि श्वासाचा हिशेब

व्यापार करणाऱ्या माणसास भीतीची ओळख नाही, असे कोणी म्हणू नये. माल भरून ठेवावा आणि भाव उतरावा, उधारी वाढावी आणि गिऱ्हाईकाने गाव सोडावे, या धास्तीत ज्याची एकही रात्र गेली नाही असा व्यापारी विरळाच. परंतु या भीतीवर आपल्याजवळ एक जुना उपाय आहे, तो म्हणजे वही. दुकान बंद करून आकडे मांडले की धास्तीचे मोजमाप होते, आणि मोजलेली भीती निम्मी होते. पाण्याच्या भीतीवरही हाच उपाय चालतो, हे आम्हांस पन्नाशी उलटल्यावर कळले. ते कसे, हे बंधुभगिनींस सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आम्ही दहा वर्षांचे असताना आजोळच्या विहिरीत पडलो. एका गड्याने उडी टाकून वर काढले. त्यानंतर चाळीस वर्षांहून अधिक काळ गुडघ्याच्या वर पाण्यात शिरलो नाही. बेळगावात कापडाचे दुकान चालविण्यास पोहणे लागत नाही, त्यामुळे काही अडले नाही. अडले ते नातीपाशी. सहा वर्षांची पोर पोहण्याच्या तलावाच्या काठावरून हलेना. समजूत घालू लागलो, तेव्हा म्हणाली, "आजोबा, तुम्ही तरी कुठं उतरता?" आपली देणी आपण फेडावी, नातवंडांच्या खात्यावर ओढू नयेत, अशी आपल्या घराण्यांची रीत. भीतीचे देणे मात्र आम्ही नकळत तिच्या नावे लिहून ठेवले होते.

ते एकदम फेडण्याच्या घाईत आम्ही चूक केली. सहकुटुंब समुद्रकाठी गेलो असता सहल म्हणून मिळणारी स्कूबाची एक बुडी घेण्याचे ठरविले. होडीवर पाच मिनिटांची माहिती, पाठीवर सिलिंडर, तोंडात रेग्युलेटर, की उतरा पाण्यात. तोंड पाण्याखाली गेले मात्र, ती विहीर पुन्हा डोळ्यांपुढे उभी राहिली. सिलिंडर भरलेला असूनही हवा पुरेना. धडपडत वर आलो. नात होडीतून पाहत होती. ती काही बोलली नाही, हेच अधिक लागले.

घरी आल्यावर हवा का पुरली नाही याचा शोध घेतला. घाबरलेला मनुष्य भराभर आणि उथळ श्वास घेतो. तो नीट बाहेर सोडत नाही, त्यामुळे अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि श्वासाची ओढ लावणारा तोच वायू. म्हणजे तुटवडा हवेचा नव्हता, दोष देण्याघेण्याच्या व्यवहारात होता. घेणे वसूल करण्याच्या नादात देणे थकवावे, तसा.

मग रीतसर सुरुवात केली. आधी बेळगावातच पोहणे शिकलो. स्कूबाच्या प्राथमिक शिक्षणक्रमास दोनशे मीटर पोहणे आणि दहा मिनिटे तरंगणे आवश्यक असते. वेळेची शर्यत नसते. वय पंचेचाळिसांपुढचे, म्हणून डॉक्टरांकडून छाती, कान व हृदय तपासून दाखला घेतला. पावसाळा संपून समुद्र निवळल्यावर आंबोलीचा घाट उतरून मालवणास गेलो.

तेथील प्रशिक्षक आमच्या मुलाच्या वयाचा, दर्यावर्दी घरातला. पहिल्याच दिवशी म्हणाला, "काका, घाई करू नकात. दर्यो खंय पळान जाता?" त्याने पहिला दिवस तलावातच, छातीभर पाण्यात उभे करून काढला. फक्त तोंड बुडवायचे आणि रेग्युलेटरमधून श्वास घ्यायचा. श्वास सोडण्यास घेण्याहून अधिक वेळ लावायचा. अर्ध्या तासाने छातीची धडधड उतरली. दुसऱ्या दिवशी मास्कमध्ये मुद्दाम पाणी घ्यायचे, वरची कड कपाळाशी दाबायची, नजर वर करून नाकाने हवा सोडायची, की पाणी खालून निघून जाते. पहिल्या खेपेस आम्ही उभेच राहिलो. आठव्या खेपेस राहिलो नाही. पुढे रेग्युलेटर तोंडातून काढून पुन्हा शोधून लावणे. तेवढ्या वेळात ओठांतून बारीक बुडबुडे सोडीत राहणे. कारण पाण्याखाली श्वास कधीही कोंडायचा नाही, हा पहिला नियम. दहा मीटरवर दाब जमिनीवरच्या दुप्पट असतो. तेथे छातीत भरलेली हवा कोंडून वर आल्यास ती दुप्पट फुगू पाहते आणि फुप्फुसास इजा होते. कानांचेही तसेच: नाक चिमटीत धरून हलकेच हवा दाबायची, ती दुखण्याच्या आधीच. दुखलेच तर थोडे वर यायचे, जोर करायचा नाही.

तिसऱ्या दिवशी एक गंमत झाली. सर्व ठीक आहे असे दाखविण्यासाठी आम्ही आपल्या सवयीने अंगठा वर केला, आणि प्रशिक्षकाने आम्हांस तात्काळ वर आणले! पाण्याखाली अंगठ्याचा अर्थ 'वर चला' असा असतो. ठीक असेल तर अंगठा व तर्जनी जुळवून वर्तुळ करायचे. आम्ही ओशाळलो. तो मात्र म्हणाला की ही खूण केव्हाही करावी, कारण सांगावे लागत नाही आणि कोणी रागावत नाही. हे ऐकून आमचे अर्धे ओझे उतरले. परतीची वाट उघडी आहे हे ठाऊक असले म्हणजे पुढचे पाऊल टाकणे सोपे जाते.

त्या रात्री आम्ही वहीत हिशेब मांडला. बारा लिटरच्या सिलिंडरमध्ये दोनशे बार दाबाने सुमारे 2400 लिटर हवा मावते. त्यातील पन्नास बार, म्हणजे 600 लिटर, ही गंगाजळी. तिला हात लावायचा नाही. उरली 1800. शांत मनुष्यास मिनिटास वीस लिटर हवा लागते असे धरले, तर दहा मीटरवर चाळीस लागते, म्हणजे पाऊण तास पुरते. घाबरून दुप्पट खर्च केला, तर तीच बावीस-तेवीस मिनिटांत संपते. भांडवल तेच, उधळपट्टी भीतीची.

चौथ्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूस समुद्रात उतरलो. खोली सहा मीटर. दोराला धरून, दर हातागणिक कान मोकळे करीत खाली गेलो. खडकांवर प्रवाळ, शेवाळाच्या झुलत्या रानातून पट्ट्यापट्ट्यांचे मासे. प्रवाळ हा दगड नव्हे, जिवंत प्राण्यांची वसाहत होय. तेथे काहीही हाताळायचे नाही, हा नियम पाणी गाळून पिणाऱ्या घरात वाढलेल्या आम्हांस वेगळा शिकवावा लागला नाही. एवढ्यात मास्कमध्ये पाणी शिरले. नाकाशी गार स्पर्श झाला आणि क्षणभर ती विहीर आली. अंगठा वर करण्यास हात उचललाही. पण त्याआधी एक लांब श्वास सोडला. मग कड दाबली, नजर वर केली, नाकाने हवा सोडली. पाणी गेले. मासे होते तेथेच होते. प्रशिक्षक समोर होता. आम्ही बोटांचे वर्तुळ केले.

भीती समूळ गेली, असे आम्ही म्हणणार नाही. आजही होडीत बसल्यावर पोटात कालवते. पण बाजारात पत जशी एका दिवसात मिळत नाही, लहान रकमा वेळेवर फेडीत गेल्यानेच वाढते, तसाच मनुष्याचा स्वतःवरील विश्वास. छातीभर पाण्यातला एक श्वास, ही त्याची पहिली जमा.

बेळगावास परतलो त्या रविवारी नातीसह तलावावर गेलो. आम्ही आधी उतरलो. ती काठावर बसली, पाय पाण्यात सोडले आणि विचारले, "आजोबा, भीती वाटते का?" आम्ही म्हटले, "वाटते बाळ. आधी श्वास सोड." तिने श्वास सोडला, आणि आमचा हात धरून पहिली पायरी उतरली.