सूट शिवायला टाकण्याआधी
परदेशी शाळेची मुलाखत, पोशाख आणि सात गैरसमज

साखरशेतसारख्या गावातून बी.एड. होऊन बाहेर पडलेल्या मुलामुलींची नोकरीची वाट आता जव्हार-मोखाड्याच्या घाटाखाली संपत नाही. आखातातल्या भारतीय शाळा आपल्याकडून शिक्षक नेतात, ही गोष्ट जुनीच. त्यात फेब्रुवारी २०२३ पासून इंग्लंडने भारतासह आणखी काही देशांतल्या गणित, विज्ञान आणि भाषांच्या शिक्षकांना तिथल्या शिक्षक-पात्रतेसाठी थेट अर्ज करण्याची सोय केली. अर्ज जातो, मुलाखतीची तारीख येते आणि घरात पहिला प्रश्न निघतो तो अभ्यासाचा नसतो. तो असतो, ‘घालायचं काय?’

मग सल्ल्यांना ऊत येतो. शेजारचा म्हणतो, सूट शिव. क्लासचे सर म्हणतात, निम्मी मुलाखत कपड्यांवरच होते. मावशी म्हणते, मंगळसूत्र काढून ठेव बाई, गोऱ्यांना चालत नाही. यातलं खरं किती आणि ऐकीव किती, ते एकेक करून पाहू.

गैरसमज १ : सूट-टाय नसेल तर मुलाखतीला जाऊच नये.

वस्तुस्थिती : इंग्लंडमध्ये शिक्षकांच्या पोशाखाचा देशभर लागू असा एकच नियम नाही, तो ज्या त्या शाळेने ठरवायचा असतो. माध्यमिक शाळांत कोट-टाय घालणारे पुरुष शिक्षक भरपूर दिसतात, त्यामुळे तसं गेलात तर चूक काहीच नाही. चूक होते ती मामेभावाचा खांद्यावर लोंबणारा कोट मागून घालण्यात. बेताचा, अंगाबरोबर बसणारा शर्ट आणि इस्त्रीची पँट अशा उसन्या कोटापेक्षा केव्हाही बरी.

तिथल्या मुलाखतीत बऱ्याचदा प्रत्यक्ष वर्गावर पाठ घ्यायला लावतात. तेव्हा कपड्यांची खरी परीक्षा आरशासमोर होत नाही. ते घालून फळ्याच्या वरच्या कडेपर्यंत हात न्या. खाली पडलेला खडू उचला. लहान मुलाच्या बाकाशेजारी उकिडवे बसा आणि उठा. शर्ट बाहेर आला, पदर सुटला, शिवण करकरली तर तो पोशाख शिक्षकाचा नाही. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी आपल्याच जिल्ह्यात, डहाणूजवळच्या कोसबादला, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा कुरणात जाईल, हा त्यामागचा विचार. कुरणात बसता येईल असा पोशाख हे शिक्षकाच्या कपड्यांचं माप तिथेच ठरून गेलं.

सूट नसला तरी चालतं, याला एक ठळक अपवाद जपानचा. तिथे नोकरी शोधणाऱ्यांचा काळा किंवा गडद निळा सूट आणि पांढरा शर्ट हा जवळजवळ गणवेशच आहे. तिथे मुलाखत असेल तर मात्र शिंप्याकडे जा.

गैरसमज २ : साडी नेसून गेलं तर मागासलेले समजतात.

वस्तुस्थिती : साडी हा औपचारिक पोशाखच आहे, आणि परदेशी शिक्षणसंस्थांच्या दारातून ती आत गेली त्याला आता १४० वर्षं होऊन गेली. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्यांनी संस्कृत शिकवलं. धर्म बदलला, पण साडी सोडली नाही. तिथे वाद झाला, नाही असं नाही. पण तो झाला एका बाईने पुरुषांना शिकवावं की नाही यावर, आणि त्याला हरकत घेतली बिशपांनी. साडीमुळे त्यांची नोकरी अडली नाही.

त्याच सुमारास आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टरकी शिकत होत्या. १० ऑक्टोबर १८८५ चा एक फोटो प्रसिद्ध आहे. त्यात साडीतल्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या सबात इस्लामबुली अशा तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत.

तेव्हा साडी नेसायची की नाही हा प्रश्न प्रतिष्ठेचा नाही, सवयीचा आहे. रोज साडीत वावरत असाल तर खुशाल नेसा, पदराला पिन लावा, थंडीच्या देशात आतून गरम कपडे घाला. वर्षातून एकदा हळदी-कुंकवालाच नेसत असाल तर मुलाखतीच्या दिवशी निऱ्या सांभाळत बसू नका. पंजाबी ड्रेस किंवा शर्ट-पँट घाला.

गैरसमज ३ : टिकली, मंगळसूत्र, गोंदण यांतलं काही दिसलं की नोकरी गेली.

वस्तुस्थिती : याचं उत्तर देशागणिक बदलतं, म्हणून सगळ्यांना एकच सल्ला देणारे चुकतात. इंग्लंडमध्ये २०१० चा समानता कायदा धर्मावरून भेदभाव करायला मनाई करतो. फ्रान्समध्ये उलट आहे. सरकारी शाळेतल्या शिक्षकांनी कामावर धर्मचिन्ह घालायचं नाही. कॅनडाच्या क्विबेक प्रांताने २०१९ मध्ये सरकारी शाळांतल्या शिक्षकांसाठी असाच कायदा केला. गंमत अशी, की आनंदीबाई ज्या पेनसिल्व्हेनिया राज्यात शिकल्या, तिथेच त्या फोटोनंतर दहा वर्षांनी, १८९५ मध्ये, सरकारी शाळांतल्या शिक्षकांना धार्मिक पोशाखाची बंदी आली. ती उठायला २०२३ साल उजाडलं.

मंगळसूत्र हे धर्मचिन्ह की लग्नाचा दागिना, यावर आपल्याकडेही एकमत व्हायचं नाही. बंदीच्या देशात अर्ज केला असेल तर शाळेलाच दोन ओळींचं पत्र लिहून विचारा. असं विचारण्यात काही कमीपणा नाही.

गोंदणाचंही तसंच. आपल्याकडे आजीच्या हातावरचं गोंदण हा तिचा जन्माचा दागिना असतो. जपानमध्ये मात्र अंगावरच्या गोंदणाचा संबंध अजूनही गुंड टोळ्यांशी जोडला जातो. तिथे पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला की काम भागतं. इतर देशांतही दिसणारं गोंदण झाकायला सांगणाऱ्या शाळा आहेत. झाकायला सांगितलं म्हणजे तुम्हाला नाकारलं असा अर्थ मात्र काढू नका.

गैरसमज ४ : आपल्या सरकारचा जीआर पाळला की जगात कुठेही चालतं.

वस्तुस्थिती : १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रातल्या शिक्षकांना पोशाखाच्या सूचना दिल्या. बाईंनी साडी, किंवा सलवार-चुडीदार, कुर्ता आणि दुपट्टा. गुरुजींनी शर्ट-पँट, शर्ट आत खोचलेला. जीन्स-टीशर्ट नको, गडद रंग नको, नक्षी आणि छापील चित्रं नकोत. पाया म्हणून हे ठीक आहे, पण गडद रंगाचीच गोष्ट घ्या. इथे तो टाळायला सांगितला आहे, आणि लंडन-टोकियोत मुलाखतीला गडद निळा किंवा काळा हाच सरधोपट रंग.

आखातात रंगापेक्षा अंग झाकण्याला महत्त्व. लांब बाह्या, सैल कपडे, ओढणी, आणि तिथल्या भारतीय शाळांत साडी तर नेहमीची. भूतानमध्ये शाळा-कचेऱ्यांत तिथल्या नागरिकांना घो आणि किरा घालावा लागतो, पण ते बंधन परदेशी माणसावर नाही. तेव्हा भूतानी पोशाख भाड्याने आणून कोणाला खूश करायला जाऊ नका.

यावर साधा उपाय आहे. ज्या शाळेत अर्ज केला तिच्या संकेतस्थळावर शिक्षकांचे फोटो असतात, ते बघा. ते रोज जे घालतात त्याहून एक पायरी वरचं घाला.

गैरसमज ५ : ५५ टक्के मार्क दिसण्याला, बोलण्याला फक्त ७.

वस्तुस्थिती : व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांतला हा हुकमी आकडा. त्याचं मूळ अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ च्या प्रयोगांत आहे. त्यांत लोकांना सुटा एखादा शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवला, चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही, एवढंच ओळखायला सांगितलं. त्यातून ७, ३८ आणि ५५ हे आकडे आले. यातले ५५ टक्के चेहऱ्यावरच्या भावांचे आहेत. त्यांत कपडे कुठेच नाहीत. आणि हे आकडे सगळ्या संभाषणाला लागू होत नाहीत, हे मेहराबियन यांनी स्वतःच स्पष्ट केलं आहे.

शाळेचं मुलाखत-मंडळ तुम्हाला अपूर्णांक कसा शिकवाल, वर्गात एक पोर सतत गप्प असेल तर काय कराल, मुलांच्या सुरक्षिततेबद्दल काय जाणता, असलं विचारतं. त्याची उत्तरं सात टक्क्यांत बसत नाहीत.

गैरसमज ६ : ऑनलाइन मुलाखत आहे, वरचा शर्ट चांगला असला की झालं.

वस्तुस्थिती : खाली बर्मुडा घातला असेल आणि ऐन वेळी वीज गेली, तर इन्व्हर्टर लावायला उठावंच लागतं. पोशाख पुरता करा, त्याने बसण्यातही फरक पडतो.

पण ऑनलाइन मुलाखतीत कपड्यांपेक्षा उजेड जास्त घात करतो, आणि उजेड ठरतो घड्याळावर. लंडनचे सकाळचे १० म्हणजे आपल्याकडे तिथल्या उन्हाळ्यात दुपारचे अडीच आणि हिवाळ्यात साडेतीन. दुबईचे १० म्हणजे आपले साडेअकरा. टोकियोचे १० म्हणजे आपली पहाट नुकती सरून साडेसहा. न्यूयॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे आपली संध्याकाळ, साडेसहा किंवा साडेसात. म्हणून मुलाखतीच्या आदल्या दिवशी नेमक्या त्याच वेळी, त्याच जागी, तेच कपडे घालून मोबाइल लावून बघा. खिडकी पाठीमागे असेल तर चेहरा काळा पडतो, ती समोर घ्या. संध्याकाळ असेल तर दिवा डोक्यावर नको, मोबाइलच्या मागे हवा. मोबाइल डब्यांवर रचून डोळ्यांच्या उंचीला आणा, नाहीतर समोरच्याला तुमच्याऐवजी कौलंच दिसतील.

बारीक रेघांचा किंवा चौकड्यांचा शर्ट कॅमेऱ्यात थरथरल्यासारखा दिसतो. पांढरा सदरा पांढऱ्या भिंतीपुढे विरून जातो. एकरंगी, मध्यम गडद रंग बरा. वारली चित्रांचा दुपट्टा घ्यावासा वाटला तर घ्या, पण चित्रं सुटसुटीत असलेला घ्या. तारप्याभोवतीचा अख्खा नाच छातीवर दाटीवाटीने आला की समोरचे तुमचं ऐकायचं सोडून नाचणारे मोजत बसतील.

गैरसमज ७ : नवं आणि महागडं असेल तरच छाप पडते.

वस्तुस्थिती : नवा बूट चावतो, नवी कॉलर टोचते, आणि ते तोंडावर दिसतं. मुलाखतीचे कपडे आधी दोनदा घालून, धुऊन, अंगवळणी पाडा. जव्हारच्या पावसाळ्यात कपडे वाळायला तीन दिवस घेतात आणि वीज मनात आलं की जाते, तेव्हा इस्त्री आदल्या रात्रीवर टाकू नका. टेरिकॉटची पँट कमी चुरगळते. वीज नसेल तर तांब्यात निखारे घालून फिरवायची जुनी युक्ती आहेच, फक्त तांब्याचं बूड आधी पुसून घ्या. आश्रमशाळेत गणवेश घडी घालून अंथरुणाखाली दाबून झोपलेल्या पोरांना हे शिकवायला नको.

आणि मोजे बघा. जपानी शाळांत बूट दारातच काढायचे असतात. आपल्याकडे उंबऱ्याबाहेर चपला काढायची सवय असल्याने त्याचं नवल वाटणार नाही, पण भोकातून डोकावणारा अंगठा मात्र साऱ्या मंडळाला दिसेल.

मग ठरवायचं कसं?

कोटाला लागणारे पैसे आधी कागदपत्रांवर घाला. पदवीचे दाखले, त्यांचं साक्षांकन, पोलिसांचा दाखला यांतलं एक कमी पडलं तर सुटाने ते भरून निघत नाही.

पोशाखासाठी एक घरगुती परीक्षा आहे. ठरवलेले कपडे घाला, गावातली चार पोरं अंगणात बसवा आणि दहा मिनिटांचा एक पाठ घ्या. मग आत जाऊन कपडे बदला, बाहेर या आणि त्यांना दोन गोष्टी विचारा. मी काय शिकवलं? आणि माझ्या अंगावर कोणता रंग होता? पहिल्याचं उत्तर धडाधड आलं आणि दुसऱ्याला पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली, तर कपडे बरोबर निवडलेत.