पडद्यावरचा मंद्र धैवत

भातखंडे यांच्या स्वरलिपीत एका ठिपक्याचे मोल किती, हे गाणाराच जाणतो. अक्षराखाली ठिपका असला की स्वर मंद्र सप्तकातला, वर असला की तारातला. खाली आडवी रेघ म्हणजे कोमल, मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ म्हणजे तीव्र. दरबारी कानड्यातला मंद्र धैवत घ्या. 'ध'च्या पायाशी रेघही हवी आणि ठिपकाही हवा. छापील क्रमिक पुस्तकात ही दोन्ही चिन्हे निरनिराळी दिसतात. संगणकाच्या पडद्यावर मात्र पुष्कळदा त्यांची मिळून एक भुरकट रेघ होते.

गेल्या पावसाळ्यात माझी एक विद्यार्थिनी दरबारीचे आलाप पडद्यावर वाचून पाठ करून आली आणि धैवत सरळ मध्य सप्तकात लावू लागली. स्वर तेच, पण भर मंद्रातून वर सरकला की दरबारीचा रोख अडाण्याकडे वळतो. मुलीचे काही चुकले नव्हते. तिला ठिपका दिसलाच नव्हता.

आपल्या उज्जैनातील जुन्या मराठी घरांतही पोथी, पंचांग, परदेशी गेलेल्या नातवंडांची पत्रे आता पडद्यावरच वाचली जातात. अक्षर पुसट दिसले की वडीलधारी मंडळी 'चष्म्याचा नंबर वाढला' म्हणून गप्प बसतात. दोष दर वेळी डोळ्यांचा नसतो. साधा लेसर छापखाना एका इंचात 600 ठिपके उमटवतो. 22 इंची नेहमीच्या पडद्यावर इंचाला जेमतेम 100 पिक्सेल येतात. निर्णयसागरच्या टाइपावर पोसलेल्या डोळ्यांना एवढ्यात समाधान कसे वाटावे?

ही उणीव झाकण्यासाठी अक्षराच्या कडेला करड्या छटा भरतात. आपल्या वेधशाळेत सम्राट यंत्राची सावली ज्यांनी निरखून पाहिली असेल, त्यांना हे लगेच उमजेल. त्या सावलीची कड कधीच धारदार नसते, विरत जाते. तरी कड कुठे आहे ते डोळा ताडतो. मायक्रोसॉफ्टने 1998 मध्ये जाहीर केलेली 'क्लिअरटाइप' ही युक्ती याच्या पुढची आहे. प्रत्येक पिक्सेल म्हणजे तांबडी, हिरवी, निळी अशा तीन उभ्या पट्ट्या. त्या वेगवेगळ्या पेटवल्या की आडव्या दिशेने तिप्पट बारकावा मिळतो. पण यात आपल्या लिपीची एक गोम आहे. लाभ होतो तो उभ्या रेघांना, म्हणजे कान्याला. शिरोरेखा आणि कोमलाची रेघ पडल्या आडव्या. त्यांच्या वाट्याला त्यातले फारसे काही येत नाही. रोमन लिपीसाठी निघालेल्या उपायाकडून याहून अधिक अपेक्षा करणे व्यर्थच. विंडोज 2000 बरोबर आलेले 'मंगल' हे देवनागरी वळण र. कृ. जोशी या मराठी सुलेखनकाराने घडवले, म्हणून पडद्यावरची मराठी निदान रेखीव तरी झाली.

आता उपाय. तानपुरा आधी षड्जात मिळवावा आणि मग जवारी पाहावी, तसाच येथेही क्रम आहे. प्रथम सेटिंग्जमध्ये जाऊन रिझोल्यूशन 'रेकमेंडेड' म्हणून दाखवलेलेच ठेवावे. अक्षर मोठे व्हावे म्हणून रिझोल्यूशन उतरवण्याची खोड घरोघरी आहे; तिनेच निम्मी अक्षरे बिघडतात. मोठे अक्षर हवे असल्यास 'स्केल' 125 किंवा 150 टक्के करावे. मग शोधपट्टीत 'क्लिअरटाइप' हा शब्द इंग्रजीत टाकावा. एकामागून एक नमुने पुढे येतात, त्यांतला स्वच्छ दिसेल तो निवडावा. नमुने इंग्रजी असतात, तेव्हा शेवटी दरबारीचे पान उघडून ठिपका व रेघ सुटी दिसतात का ते पाहावे. न दिसल्यास पुन्हा निवड करावी. मला तिसऱ्या खेपेस जमले. जुनी निळ्या टोकाची व्हीजीए तार असेल तर ती काढून एचडीएमआय लावावी. पडदा उभा करून वापरणाऱ्यांना मात्र ही रंगीत युक्ती जाचते, कारण पट्ट्या आडव्या होतात. अॅपलने तर 2018 च्या मोहावेपासून ती सोडूनच दिली. त्यांच्या दाट पडद्यांवर तिची गरज नाही, पण त्याच संगणकाला साधा पडदा जोडला तर अक्षर किरकोळ दिसते.

एक गोष्ट या कशानेही सुधारत नाही, ती म्हणजे स्कॅन केलेले पान. ते अक्षर नव्हे, चित्र. माझे वडील दरबारच्या अखेरच्या वर्षांत तेथे गात. त्यांच्या वह्या बोरूने लिहिलेल्या आहेत आणि ठिपके मोहरीएवढे. कोणीतरी हौसेने त्या इंचाला 100 ठिपक्यांनी स्कॅन करून दिल्या, त्यात अर्धे मंद्र स्वर नाहीसे झाले. आता मी स्वतः 600 ठिपक्यांनी पाने पुन्हा घेतो आहे. तीन वह्या झाल्या, चार उरल्या आहेत. शाई मात्र फिकी होत चालली आहे.