कारवीचे आठवे वर्ष

सह्याद्रीच्या उतारांवरील कारवी सात वर्षे केवळ खरखरीत पाने धरते. आठव्या वर्षी पावसाळा सरता सरता जांभळी फुलते आणि मरते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ नंतर २०२४ साली फुलली. मधमाश्यांची तेव्हा चंगळच! हिच्याच काठ्यांच्या कुडांवर शेणमाती लिंपून कोकणात घरे उभी राहिली, हे सिमेंटच्या दिवसांत कोणास आठवावे? तिची वाळलेली बोंडे पुढील पावसाचे पाणी लागल्यावर तडकतात व बी दूर उडते. तत्पूर्वी वणवा लागला, तर उगवणार काय? मधल्या सात वर्षांत डोंगर पाहून ‘निरुपयोगी झुडपे’ असा शेरा मारणाऱ्यांची घाई आम्हांस मान्य नाही. फुलोऱ्यापासून पहिल्या पावसापर्यंत तरी तेथे कोयता आणि काडी पोहोचू नये, एवढी व्यवस्था वनखात्याने करावी.