घरातले लाकूड (लेखांक ७) : पारा ४५ अंशांवर, तडा कशाने?

खान्देशात पारा ४५ अंशांना टेकला आणि कपाटाच्या दाराला तडा गेला, की दोष उन्हाळ्याच्या तापावर जातो. हे निदान अर्धेच बरोबर आहे. लाकूड सुकवण्याच्या भट्टीत सागवान याहून जास्त ताप सोसते, पण तिथे त्यातला ओलावा हळूहळू, मोजूनमापून काढतात. घरात ही शिस्त नसते. जळगाव-धुळ्यात वैशाखातल्या दुपारी हवेतली सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली उतरते आणि पाऊस लागला की ८० टक्क्यांच्या घरात जाते. लाकूड हवेशी ओलाव्याची देवघेव सतत करत असते. पहिल्या हवेत ते आपल्या कोरड्या वजनाच्या ४-५ टक्के पाणी धरू पाहते, दुसऱ्या हवेत सुमारे १५ टक्के. पॉलिशमुळे आणि जाडीमुळे यातला निम्माच फरक आत पोहोचला असे धरले, तरी सागाची फूटभर रुंद फळी वर्षभरात २-३ मिलिमीटर आक्रसते आणि फुगते. लांबीत मात्र ती जवळजवळ बदलत नाही. म्हणून आडव्या-उभ्या पट्ट्यांना खिळ्यांनी किंवा डिंकाने जखडलेली रुंद फळी हलायला जागा न मिळाल्यामुळे फाटते.

यावर रास्त प्रश्न येतो : आजोबांच्या काळातली कपाटे याच उन्हाळ्यात कशी टिकली? त्याचे श्रेय एकट्या सागाला देणे मला पटत नाही. धाब्याच्या घराच्या जाड मातीच्या भिंती आणि लहान खिडक्या यांमुळे आतली हवा सावकाश बदलत असे, ऊनही फार आत येत नसे. शिवाय जाणता सुतार दाराची फळी चौकटीच्या खाचेत डिंक न लावता मोकळी बसवत असे. ती आपल्या जागी आक्रसे, फुगे, आणि चौकट शाबूत राहत असे. आज तोच साग सिमेंटच्या स्लॅबखाली, काचेच्या मोठ्या सरकत्या खिडकीसमोर येऊन बसला आहे. प्लायवूडचे थर एकमेकांना आडवे असल्यामुळे ते कमी हलते हे खरे, पण त्याच्यावरचा पातळ लाकडी पापुद्रा प्रकाशापुढे तितकाच उघडा असतो.

प्रकाशाचा मार वेगळा. लाकडाचे तंतू बांधून ठेवणारे लिग्निन अतिनील किरण शोषते आणि त्यांनीच विघटित होते, रंग बदलतो. साधी काच या किरणांचा काहीच भाग अडवते, उरलेले आणि सगळा दृश्य प्रकाश आत येतात. हे नुकसान साठत जाते. खोली गार ठेवून ते थांबत नाही, आणि वरून पारदर्शक पॉलिश चढवले तरी प्रकाश त्यातून आरपार जातो. कोणत्या खिडकीला जपायचे हेही पाहायला हवे. जळगाव आणि धुळे साधारण २१ अंश अक्षांशावर आहेत, त्यामुळे मे अखेरीस, नवतपाच्या तोंडावर, मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर असतो. दक्षिणेच्या खिडकीतून तेव्हा ऊन आत येत नाही. पूर्वेच्या आणि विशेषतः पश्चिमेच्या खिडकीतून येते. उलट, संक्रांतीच्या सुमारास दक्षिणेचे ऊन खिडकीच्या उंचीएवढे आत पसरते. हवेहवेसे वाटणारे ते थंडीतले ऊन रोज एकाच टेबलावर पडले, तर रंग तितकाच बिघडवते.

मग घर अंधारात ठेवायचे का? मुळीच नाही. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चिक किंवा वाळ्याचा पडदा लावला, तर ऊन काचेपाशी पोहोचण्याआधीच अडते. आतला पडदा प्रकाश अडवतो, पण तापलेली काच घरातच राहते. पॉलिश करताना फळीची मागची आणि खालची बाजूही सोडू नये. एकच बाजू बंद केली, तर दुसरीकडून ओलावा जाऊन फळीला बाक येतो. कूलरबद्दल मात्र उगाच धास्ती आहे. त्याची दमट हवा मेमधल्या लाकडाला एरवी बरीच, फक्त तिचा झोत थेट कपाटावर येता कामा नये. झोताकडची बाजू दिवसभर ओल शोषते, भिंतीकडची कोरडीच राहते, आणि कूलर बंद झाला की हा खेळ उलटा सुरू होतो. कूलरचे तोंड हातभर फिरवले तरी पुरते.