उंदराला झेपणारे, माणसाला मारणारे
मिथेनॉलच्या पिंपावरचा धोक्याचा शिक्का कसा ठरतो?

औद्योगिक वसाहतीत उतरणाऱ्या मिथेनॉलच्या पिंपावर लाल चौकटीतली तीन चित्रे असायला हवीत. पहिले ज्योतीचे, दुसरे कवटी आणि हाडांचे, तिसरे छातीवर तारा फुटलेल्या माणसाचे. त्याखाली ‘धोका’ अशा अर्थाचा एक मोठा शब्द आणि चार-पाच छोटी वाक्ये. पिंप हलवणारा कामगार त्यातली ज्योत तेवढी ओळखतो, कारण जळणारी वस्तू त्याच्या रोजच्या पाहण्यातली असते. उरलेली दोन चित्रे का आहेत, हे त्याला बहुधा कोणी सांगितलेले नसते. मिथेनॉलने जीव जातो किंवा दृष्टी जाते ती मात्र या दोन चित्रांतल्या धोक्याने.

मिथेनॉल हे सर्वांत साधे अल्कोहोल. पूर्वी ते लाकडापासून ऊर्ध्वपातनाने काढत, म्हणून त्याला ‘वूड अल्कोहोल’ म्हणत. आज ते मुख्यतः नैसर्गिक वायू आणि कोळशापासून बनते. फॉर्माल्डिहाइड, ॲसेटिक आम्ल, प्लायवूडचे डिंक, रंग, थिनर, बायोडिझेल आणि औषधनिर्मिती या सगळ्यांत ते लागते. भारताची बहुतेक गरज आयातीतून भागते. हा द्रव पाण्यासारखा नितळ आहे, त्याचा वास पिण्याच्या अल्कोहोलसारखाच सौम्य आहे आणि तो पाण्यात पूर्ण मिसळतो. त्याची ओळख पटवणे अवघड जाते ते याच गुणांमुळे.

एक पद्धत, सगळ्या जगासाठी

एकच रसायन एका देशात ‘विषारी’, दुसऱ्यात ‘हानिकारक’ आणि तिसऱ्यात बिनशिक्क्याचे, अशी स्थिती अनेक वर्षे होती. १९९२च्या रिओ वसुंधरा परिषदेत ती बदलण्याचे ठरले आणि २००३मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ‘जीएचएस’ ही वर्गीकरणाची समान पद्धत प्रसिद्ध केली. तीत नऊ चित्रे, दोन इशारेवजा शब्द आणि ठरावीक वाक्ये आहेत. जास्त धोक्याला ‘डेंजर’, कमी धोक्याला ‘वॉर्निंग’. धोक्यांचे तीन मोठे गट आहेत: भौतिक, आरोग्याचे आणि पर्यावरणाचे. प्रत्येक गटात श्रेणी असतात आणि पहिली श्रेणी सर्वांत घातक असते.

इथे अनेकांची गल्लत होते. टाक्यांवर आणि गोदामांच्या भिंतींवर चार रंगांचा एक चौकोनी हिरा रंगवलेला असतो. ती अग्निशमन दलासाठीची वेगळी अमेरिकी पद्धत आहे. तिच्यात शून्य म्हणजे धोका नाही आणि चार म्हणजे सर्वाधिक धोका. जीएचएसमध्ये नेमके उलटे. दोन्हींतला आकडा एकाच अर्थाने वाचणारा माणूस घातक वस्तूला किरकोळ समजू शकतो.

ज्योतीचे चित्र: सोपे गणित

ज्वलनशीलतेचे वर्गीकरण दोन आकड्यांवर होते. द्रवाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकेल असे किमान तापमान म्हणजे प्रज्वलनांक. तो २३ अंश सेल्सियसपेक्षा कमी आणि उत्कलनांक ३५ अंशांपेक्षा जास्त असेल, तर द्रव दुसऱ्या श्रेणीत जातो. मिथेनॉलचा प्रज्वलनांक साधारण १० ते १२ अंश आहे आणि उत्कलनांक सुमारे ६५ अंश. म्हणजे मुंबई-ठाण्याच्या हवेत उघड्या पिंपाच्या तोंडाशी जळू शकणारी वाफ जवळपास बारा महिने असते. हवेत ही वाफ ६ ते ३६ टक्के असली की ती पेटते. पेट्रोलच्या वाफेसाठी हा पट्टा यापेक्षा कितीतरी अरुंद आहे.

त्यात आणखी एक भर. मिथेनॉलची ज्योत फिकट निळी असते आणि भर उन्हात जवळजवळ दिसत नाही. १९८१च्या इंडियानापोलिस मोटार शर्यतीत रिक मिअर्स या चालकाच्या गाडीत इंधन भरताना मिथेनॉल सांडून पेटले. चालक आणि त्याचे मदतनीस जळत होते, पण भोवतालच्यांना आग सुरुवातीला दिसलीच नाही. असे अनुभव वर्गीकरणाच्या आकड्यात मावत नाहीत. ते सुरक्षितता पत्रकात, म्हणजे कारखान्यांत ज्याला ‘एमएसडीएस’ म्हणतात त्यात, शब्दांत लिहावे लागतात. मिथेनॉलच्या आगीवर साधा फेस टिकत नाही, अल्कोहोलरोधक फेसच लागतो, हेही तिथेच सापडते.

कवटीचे चित्र: उंदरांनी केलेली दिशाभूल

विषारीपणाचे गणित इतके सरळ नाही. तोंडावाटे दिलेल्या ज्या मात्रेने निम्मी जनावरे मरतात, ती मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे मोजतात. जीएचएसनुसार ही मात्रा ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असेल तर पहिली श्रेणी, ५० पर्यंत दुसरी, ३०० पर्यंत तिसरी, २००० पर्यंत चौथी आणि ५००० पर्यंत पाचवी. पहिल्या तीन श्रेणींना कवटी मिळते. चौथीला केवळ उद्गारचिन्ह.

उंदरांवरच्या प्रयोगांत मिथेनॉलचा हा आकडा सुमारे ५६०० मिलिग्रॅम येतो, म्हणजे पाचव्या श्रेणीच्याही बाहेर. नुसत्या या आकड्यावर विसंबले तर कवटी सोडाच, पिंपावर विषाचे कोणतेही चिन्ह येणार नाही. हाच आकडा ६० किलोच्या माणसाला लावला, तर त्याला सव्वाचारशे मिलिलिटर मिथेनॉल प्यावे लागेल असा हिशेब निघतो.

माणसांचा अनुभव मात्र वेगळे सांगतो. उपचार मिळाले नाहीत तर दर किलोमागे ०.३ ते १ ग्रॅम इतकीच मात्रा जीव घेऊ शकते. ६० किलोच्या माणसासाठी हे सुमारे २३ ते ७६ मिलिलिटर होतात. खालची मर्यादा जेमतेम दीड मोठा चमचा भरते. दृष्टी जायला त्याहूनही कमी पुरल्याच्या नोंदी आहेत.

हा फरक यकृतात घडतो. शरीरात मिथेनॉलचे आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होते. मुंगीच्या डंखात असते तेच हे आम्ल. ते पेशींतली ऑक्सिजन वापरणारी यंत्रणा रोखते आणि रक्त आम्लधर्मी करते. ऊर्जेची सतत गरज असलेली डोळ्याची नस आणि मेंदूचा काही भाग आधी बळी पडतात. या आम्लाचा निचरा करायला फोलेट हे जीवनसत्त्व लागते. उंदराच्या यकृतात त्याचा साठा भरपूर असल्याने उंदीर हे आम्ल झटपट मोडून टाकतो. माणसाच्या यकृतात तो कमी असल्याने आम्ल साचत जाते.

हे कळेपर्यंत बरीच वर्षे गेली. जनावरांना फारसे काही होत नाही, मग माणसांना होणारी बाधा मिथेनॉलमधल्या भेसळीमुळे असावी, असे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अनेक जाणकार मानत. १९५५मध्ये गिल्गर आणि पॉट्स या अमेरिकी संशोधकांनी माकडांवर प्रयोग केले. माकडांत माणसासारखीच लक्षणे दिसली आणि दोष उंदरांवरून माणसाचा अंदाज बांधण्यात होता, हे स्पष्ट झाले.

म्हणूनच माणसांवरच्या परिणामांचा विश्वासार्ह पुरावा हाती असेल तर त्याला प्राण्यांवरच्या आकड्यापेक्षा वरचे स्थान द्यावे, असे जीएचएस सांगते. युरोपीय संघाने मिथेनॉलला गिळणे, त्वचेशी संपर्क आणि श्वास अशा तिन्ही वाटांसाठी तिसरी श्रेणी दिली आहे. जपानच्या शासकीय वर्गीकरणात मानवी मात्रेचा १४०० मिलिग्रॅम हा आकडा धरल्याने गिळण्यासाठी चौथी श्रेणी आली. नियमावली एकच असली तरी कोणता पुरावा निवडला, यावर चित्र बदलते. आयात मालावरचे लेबल देशागणिक वेगळे दिसण्याचे हे एक कारण आहे.

तिसरे चित्र: डोळ्यांसाठी

छातीवर तारा फुटलेला माणूस म्हणजे विशिष्ट अवयवाला होणारी इजा. मिथेनॉलच्या बाबतीत एकाच वेळच्या संपर्काने होणाऱ्या इजेची पहिली श्रेणी लागते. युरोपीय नियमांनुसार एखाद्या मिश्रणात मिथेनॉल १० टक्के किंवा अधिक असेल तर त्या मिश्रणालाही हीच श्रेणी मिळते. ३ ते १० टक्क्यांमध्ये दुसरी. थिनर किंवा काच पुसण्याचा द्रव ‘शुद्ध मिथेनॉल नाही’ म्हणून निर्धोक ठरत नाही, तो यामुळे. गाडीची काच धुण्याचे स्वस्त द्रव दारूऐवजी पिऊन लोक मरू लागले, तेव्हा २०१८मध्ये युरोपीय संघाने सामान्य ग्राहकाला विकल्या जाणाऱ्या अशा द्रवांत मिथेनॉलवर ०.६ टक्क्यांची मर्यादा घातली.

महाराष्ट्राने या चित्राची किंमत मोजली आहे. जून २०१५मध्ये मुंबईतल्या मालवणीत मिथेनॉलमिश्रित गावठी दारूने शंभराहून अधिक जणांचा जीव घेतला. कारखान्यासाठीचा माल दारूच्या धंद्यात पोहोचला की पिंपावरची तिन्ही चित्रे मागे राहतात आणि प्लास्टिकच्या पिशवीत फक्त नितळ द्रव उरतो. २०२०च्या करोनाकाळात अमेरिकेत मिथेनॉल असलेले सॅनिटायझर बाजारातून मागे घ्यावे लागले. इराणमध्ये अल्कोहोलने विषाणू मरतो या अफवेने मिथेनॉल पिऊन शेकडो लोक दगावले.

या विषबाधेत फसवा असतो तो मधला वेळ. सुरुवातीला साधी नशा वाटते. मग १२ ते २४ तास फारसे काही जाणवत नाही, कारण आम्ल हळूहळू साचत असते. सोबत नेहमीची दारू प्यायली असेल तर हा काळ आणखी लांबतो. त्यानंतर पोटदुखी, उलट्या, जोराचा श्वास आणि डोळ्यांपुढे बर्फ पसरल्यासारखे धूसर दिसणे सुरू होते. तोवर थांबणे म्हणजे डोळे गमावण्याची तयारी करणे. वेळेत रुग्णालय गाठले तर मिथेनॉलचे आम्लात रूपांतर रोखणारे फोमेपिझोल हे औषध किंवा डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेले इथेनॉल, रक्तातली आम्लता कमी करण्याचे उपचार आणि डायलिसिस यांनी रुग्ण वाचतो. घरच्या घरी दारू पाजून उतारा करण्याचा प्रयत्न मात्र जिवावर बेततो.

चित्रानंतरचे काम

वर्गीकरण रसायनाचा अंगभूत धोका सांगते. प्रत्यक्ष जोखीम किती, हे संपर्कावर ठरते. बंद नळीतून वाहणारे टनभर मिथेनॉल आणि हातमोज्यांशिवाय त्यात बुडवलेले फडके, यांत दुसऱ्याने कामगाराला बाधा होण्याची शक्यता जास्त. मिथेनॉल त्वचेतूनही शोषले जाते. पातळ लेटेक्सचे हातमोजे पुरेसे नाहीत, ब्युटाइल रबरचे चालतात. अमेरिकी मानकानुसार आठ तासांच्या पाळीत हवेतली सरासरी मर्यादा दशलक्ष भागांत २०० भाग आहे. वासावरून ही मर्यादा ओळखता येत नाही आणि कोळशाच्या डबीचा नेहमीचा मास्क मिथेनॉलची वाफ विश्वासाने अडवत नाही. हवा खेळती ठेवणे आणि गरज पडल्यास बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा वापरणे, हाच मार्ग.

भोपाळनंतर भारतात १९८९मध्ये घातक रसायनांसाठी स्वतंत्र नियम आले आणि सुरक्षितता पत्रक बंधनकारक झाले. या पत्रकाचे सोळा भाग असतात. कामगारासाठी त्यातले तीन कळीचे: दुसरा भाग धोक्यांचा, चौथा प्रथमोपचाराचा आणि आठवा संरक्षक साधनांचा. हे पत्रक कार्यालयाच्या कपाटात इंग्रजीत पडून राहिले तर नियम पाळल्याची नोंद होते, माणूस सुरक्षित होत नाही. हे तीन भाग मराठीत आणि हिंदीत पिंपांजवळच्या भिंतीवर लावायला फार खर्च येत नाही.

मिथेनॉल अंगावर सांडले तर कपडे काढून भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यांत गेले तर किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावेत. पोटात गेल्याचा नुसता संशय असला तरी लक्षणांची वाट न पाहता रुग्णालयात जावे आणि पिंपावरच्या लेबलचा फोटो सोबत न्यावा. समोर नेमके कोणते विष आहे, हे डॉक्टरला त्या लेबलवरून काही क्षणांत कळते. रक्ताच्या तपासणीतून तेच कळायला कित्येक तास जाऊ शकतात.