सेवाभाव आहे, मग मस्टर कशाला?

पदव्युत्तर अभ्यासक्रमात चार श्रेयांकांचं ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आल्यापासून एमएसडब्ल्यू असो वा मनुष्यबळ व्यवस्थापन, पहिल्याच वर्षी विद्यार्थ्याला कुठेतरी रुजू व्हावं लागतं. त्यात एखाद्याला आरोग्याचं काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेच्या एचआर विभागात जागा मिळाली, की घरचे आणि मित्र हळहळतात. या हळहळीमागे काही पक्के गैरसमज आहेत.

“एनजीओला कुठले आलेत कामगार कायदे?”

सर्वांत मोठा गैरसमज हाच. दुर्दैवाने तो काही विश्वस्तांचाही असतो. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे म्हणून संस्था नोकरी देणारी उरत नाही, असं कुठलाही कायदा म्हणत नाही. २० किंवा जास्त कर्मचारी असले की भविष्य निर्वाह निधी लागू होतो. १० जणांपासून ग्रॅच्युइटी, तसंच २१ हजारांपर्यंत वेतन असणाऱ्यांसाठी ईएसआय येतं. नव्या औद्योगिक संबंध संहितेने धर्मादाय संस्थांना ‘उद्योगा’च्या व्याख्येबाहेर ठेवलं आहे, हे खरं. पण त्यावरून सगळ्याच कायद्यांतून सुटका झाली असं समजणारा पुढे नोटीस हातात घेऊन बसतो.

खरी मेख असते प्रकल्पाच्या नेमणुकीत. निधी तीन वर्षांचा, नेमणूकपत्र मात्र ११ महिन्यांचं, आणि दरवर्षी ३१ मार्च जवळ आला की फील्डवरच्या कार्यकर्त्यांचे फोन सुरू: “आमचं पुढे काय?” मुदतीच्या नेमणुकीवर पाच वर्षं कधी भरणारच नाहीत, म्हणजे ग्रॅच्युइटीचा प्रश्नच नाही, असा हिशेब बरीच वर्षं चालला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने तो मोडला. मुदतीवर नेमलेल्या कर्मचाऱ्यालाही आता एका वर्षानंतर त्या प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते. प्रस्तावाच्या अंदाजपत्रकात ही रक्कम आधीच धरायची असते, हे पुस्तकात वाचून लक्षात राहत नाही. पगारपत्रक भरताना राहतं. त्याच पत्रकात विद्यार्थ्याला कळतं की महाराष्ट्रात व्यवसाय कर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० का कापतात, आणि २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या सिस्टरचा तो का कापायचा नाही.

आणखी एक गुंता फक्त अशाच ठिकाणी दिसतो. एकाच परिचारिकेचा ६० टक्के पगार एका प्रकल्पातून, ४० टक्के दुसऱ्यातून. तिच्या टाइमशीटचा आणि त्या टक्केवारीचा मेळ बसला नाही, तर लेखापरीक्षक तो खर्च नामंजूर करू शकतो.

“पगारावर पैसा जातो, म्हणजे गरिबांचा जातो”

देणगीदारांच्या तोंडी हे वाक्य फार. आरोग्याच्या कामात माणूस हेच मुख्य साधन असतं. जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० पासून गावातल्या बायकांनाच आरोग्य कार्यकर्त्या म्हणून उभं केलं. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने गावातल्या बायकांना घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं, आणि त्या गावांतले नवजात मृत्यू किती घटले, हे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. त्या बायकांची निवड, प्रशिक्षण, देखरेख आणि मोबदला यांना दुसरं काय म्हणायचं? तेच मनुष्यबळाचं काम.

प्रशासनावरचा खर्च आणि प्रत्यक्ष कामावरचा पगार यांतला फरक कायद्यालाही कळतो. परदेशी निधीतून करायच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा २०२० च्या दुरुस्तीने ५० वरून २० टक्क्यांवर आणली. मात्र संस्थेच्या उद्दिष्टासाठी थेट होणारा खर्च त्यात धरायचा नाही, असं नियमच सांगतो, आणि उदाहरण देतो ते रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या पगाराचं. हिशेबनिसाचा आणि एचआरवाल्याचा पगार मात्र त्या २० टक्क्यांत बसवायचा असतो. म्हणूनच एकच माणूस भरती, रजा, पगार आणि वर गाडीची व्यवस्थाही बघताना दिसतो.

“नुसत्या फायली लावायला सांगतात”

सांगतात, हो. पण त्या फायलीत काय आहे ते वाचा. डॉक्टर-परिचारिकांची परिषदेकडची नोंदणी चालू आहे की संपली? हिपॅटायटिस बीच्या लशीचे तिन्ही डोस झाले का, की सहाव्या महिन्याचा राहिला? प्रयोगशाळेतल्या कुणाला वापरलेली सुई टोचली, तर एचआयव्ही प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत, खरं तर पहिल्या एक-दोन तासांतच सुरू व्हायला हवं. शनिवारी रात्री ते कुठे मिळेल आणि कुणाला फोन करायचा, हा कागद भिंतीवर नसेल तर ती एचआरचीही चूक.

याच टेबलावर चुकीची कामंही येतात. ‘आरोग्य संस्था आहे’ या नावाखाली उमेदवाराकडून एचआयव्हीचा रिपोर्ट मागणं हे त्यातलं एक. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने नोकरीसाठी अशी चाचणी अट म्हणून घालता येत नाही. विद्यार्थ्याने असा रकाना अर्जात पाहिला, तर विचारायला लाजू नये.

“इंटर्नला हक्क नसतात”

अर्धसत्य. ॲप्रेंटिस कायद्याखाली नोंदणी असेल तर विद्यावेतन बंधनकारक. एरवी पत्रात लिहिलं असेल तेवढंच. पण कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थी आणि बिनपगारी स्वयंसेवकांनाही लागू आहे, आणि १० किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. वस्तीत सर्वेक्षणाला जाताना संस्थेने दिलेली गाडीसुद्धा त्यात ‘कामाचं ठिकाण’ ठरते.

तेव्हा रुजू होण्याआधी लेखी पत्र मागा. देखरेख कुणाची, प्रवासखर्च कोण देणार, फील्डवर एकट्याने पाठवणार का, हे त्यात असू द्या. अंतर्गत समितीतल्या सदस्यांची नावंही पहिल्याच दिवशी विचारा.